स्टॅव्हुडिन : गालांवर उमटलेली किंमत

१९६० च्या दशकात जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी घडवलेले स्टॅव्हुडिन त्या कामी निरुपयोगी ठरले. पुढे येल विद्यापीठात त्याचा एचआयव्हीविरोधी गुण उमगला आणि १९९४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिनसह तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला; तोवर हाच खर्च दहा हजारांच्या घरात होता. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारची मोफत उपचार योजना सुरू झाली. तिच्याही गोळ्यांत स्टॅव्हुडिन होतेच.

मरण लांबले, पण हे औषध पेशींतील मायटोकाँड्रियांच्या डीएनएची घडण अडवी. गालांतला, हातापायांतला मेद झिजे. रक्तातला मात्र वाढे. क्वचित लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेते. घरच्यांपासूनही ज्याने आजार लपवला, त्याचे गुपित खोल गेलेले गालच फोडू लागले. याला नुसते ‘दुष्परिणाम’ म्हणणे मला अपुरे वाटते.

श्रीमंत देशांनी टेनोफोविरसारखे पर्याय आधीच जवळ केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली ती थेट २००९ च्या नोव्हेंबरात. औषध बदलले की झीज थांबे. गेलेला मेद मात्र फार सावकाश आणि बहुधा अपुराच परते.