हेवी लायसन्स तर मिळालं, पण लाँग रूटच्या ट्रकवर पहिली नोकरी कशी मिळते?

‘अनुभव किती?’ हेवी लायसन्स घेऊन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलेल्या नव्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच येतो. अनुभव नाही म्हणून गाडी मिळत नाही, आणि गाडी मिळत नाही म्हणून अनुभव येत नाही. दुसरीकडे मालकांची तक्रार असते की, ड्रायव्हरच मिळत नाहीत, गाड्या उभ्या आहेत. मग घोडं अडतं कुठं? आणि पहिली नोकरी घेताना फसायचं नसेल तर काय बघायचं? एकेक मुद्दा समजून घेऊ.

लायसन्स नेमकं कोणतं लागतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक म्हणजे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय किमान २० वर्षं लागतं. त्याआधी हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. मगच ट्रान्सपोर्टचं लर्निंग निघतं. सोबत डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा ‘फॉर्म ५’ लागतो.

पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली. गॅस, पेट्रोल, केमिकलचा टँकर चालवायचा असेल तर धोकादायक मालाचं ३ दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

मालक नव्या पोराला का टाळतात?

कारण साधं आहे. लाखोंची गाडी, त्यावर लाखोंचा माल, आणि चालवणारा कधी भरलेल्या गाडीवर बसलेलाच नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. भरलेल्या गाडीचं ब्रेकिंग, वळण, चढावर उचलणं, सगळंच वेगळं. स्कूलमध्ये गाडी हलवायला शिकवतात, पण घाटात वीस-पंचवीस टन माल घेऊन उतरायला कोण शिकवणार? मालकाला भीती याच गोष्टीची असते.

मग सुरुवात कुठून करायची?

तीन रस्ते आहेत.

१. छोट्या गाडीपासून. छोटा हत्ती, पिकअप, मग आयशर किंवा ४०७. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की, मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते (धोकादायक माल सोडून). म्हणजे हेवी लायसन्ससाठी थांबायचं ते एक वर्ष घरी बसून घालवायची गरज नाही. त्या काळात गाडी भरणं, माल बांधणं, बिल्टी सांभाळणं, सगळं शिकता येतं.

२. क्लीनर किंवा दुसरा ड्रायव्हर म्हणून. हा जुना आणि आजही चालणारा रस्ता. लाँग रूटच्या गाडीवर उस्तादासोबत जायचं, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात घ्यायचं, घाट त्यांनी उतरवताना बघायचा. पैसे कमी मिळतात, पण सहा महिन्यांनी शब्द टाकणारा माणूस तयार होतो. या धंद्यात बायोडेटापेक्षा ओळखीच्या ड्रायव्हरचा शब्द जास्त चालतो. मात्र स्टिअरिंगला हात लावण्याआधी लायसन्स पाहिजेच. विनालायसन्स क्लीनरने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर क्लेमचा घोळ ठरलेला.

३. मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत. कुरिअर, ई-कॉमर्स, कार वाहतूक अशा कंपन्या ट्रायल घेतात आणि काही ठिकाणी स्वतः ट्रेनिंगही देतात. इथं पगार बँकेत येतो, पीएफ असतो. पण कागदपत्रं पक्की लागतात आणि पोलीस व्हेरिफिकेशन होतं.

नोकरी शोधायची कुठे?

जिथं गाड्या भरतात तिथं. कळंबोलीचं स्टील मार्केट, उरणचं जेएनपीटी बंदर, भिवंडीची गोदामं, वाशीचं एपीएमसी, पिंपरी-चिंचवडमधलं निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, चाकण एमआयडीसी, नाशिकचं आडगाव ट्रक टर्मिनस, नागपूरजवळचं वाडी. सकाळच्या वेळी ऑफिसात मालक किंवा मॅनेजर भेटतात. ‘गाडी आहे का?’ एवढंच विचारून परत फिरू नका. ‘दुसरा ड्रायव्हर म्हणून जायला तयार आहे’ असं सांगा आणि नंबर देऊन या.

नोकरी लावून देतो म्हणून आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणाऱ्या मोबाइल नंबरपासून लांब राहा.

ट्रायलमध्ये काय बघतात?

वेग कोणी बघत नाही. बघतात ते हे: गाडीत बसण्याआधी टायर, पाणी, ऑइल, हवा तपासली का? रिव्हर्स घेताना आरसे वापरले का, शंका आली तर उतरून मागे बघितलं का? उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली का?

शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं ही वाईट सवय. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशाच अपघातांसाठी बदनाम आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. साधा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरा.

पगार ठरवताना काय विचारायचं?

‘किती देणार?’ एवढं पुरत नाही. हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा:

- पगार महिन्याचा, ट्रिपचा की किलोमीटरवर?
- जेवणाचा भत्ता वेगळा की त्यातच?
- डिझेलचा अ‍ॅव्हरेज किती धरलाय? कमी पडला तर कापणार का?
- हमाली, वाराई, पंक्चर, पार्किंग कोण देणार?
- माल कमी भरला किंवा भिजला तर कोणाच्या अंगावर?
- गाडी खाली व्हायला दोन दिवस थांबली तर त्या दिवसांचे पैसे मिळणार का?
- लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर असणार का?

उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. भांडण झालं तर तेच कामी येतं. उचल घेताना विचार करा, कारण मोठी उचल म्हणजे नोकरी सोडायची वाट बंद.

कामाच्या तासांचं म्हणाल तर मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ तास आणि लांबच्या फेरीला जास्तीत जास्त १० तास अशी मर्यादा आखली होती. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे. रस्त्यावर ही मर्यादा किती पाळतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण ‘उद्या सकाळी पोहोच’ म्हणणाऱ्या मालकाला ‘झोप आलीय, गाडी बाजूला लावतोय’ हे सांगायची सवय पहिल्या ट्रिपपासून लावा.

गाडी घेण्याआधी हे तपासा

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा आणि फिटनेसची मुदत दिसते. परमिट, पीयूसी, बिल्टी हातात घ्या. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. साध्या मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायला मालकाला लगेच कळवा.

ओव्हरलोडला ‘मी बघतो’ म्हणणाऱ्या मालकावर विसंबू नका. दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार. कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघंही येतात.

आणि ओरिजिनल लायसन्स मालकाकडे ‘ठेव’ म्हणून कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या.

अपघात झाला तर?

जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. जमावाचा धोका असेल तर जागेवर थांबण्याची सक्ती नाही, कायद्याच्या कलम १३४ मध्येच तशी सूट आहे. अशा वेळी सुरक्षित ठिकाणी जा आणि तिथून ताबडतोब ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या १० वर्षं शिक्षेच्या ज्या तरतुदीवरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, ती १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू करताना बाजूला ठेवली गेली. म्हणून न कळवता पळून जाणं माफ आहे असं नाही.

पहिल्या ट्रिपला निघण्याआधी आणखी एक काम उरकून टाका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. बँक खात्यातून ते चालू करा, आणि वारस म्हणून लावलेलं नाव घरी सांगून ठेवा.