दिनविशेष, ७ ऑगस्ट : ‘सर्रा’चे कारण शोधणारे ग्रिफिथ इव्हान्स

जनावरांच्या ‘सर्रा’ या रोगाचे कारण शोधणारे ब्रिटिश लष्करातील पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समध्ये झाला. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे आजारी घोड्या-उंटांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे परजीवी दिसले. हेच रोगाचे कारण असल्याचे वरिष्ठांना पटले नाही. पण ‘ट्रायपॅनोसोमा’ या गटातील रोगकारक परजीवीचा जगातील हा पहिलाच शोध होता. परजीवीला पुढे इव्हान्स यांचेच नाव मिळाले. रक्त पिणाऱ्या घोडमाश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. घोड्याला थांबून-थांबून ताप येतो, अंग झडते, पायांवर आणि पोटाखाली सूज चढते. गाई-म्हशींत मात्र हा परजीवी अनेकदा लक्षणे न दाखवता दडून राहतो, आणि धोका तिथेच आहे: अशा जनावरांतून माश्या तो नकळत पुढे नेतात. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तातही २००४ मध्ये तो आढळला. माणसातील त्याची ही पहिली निश्चित नोंद. घोडमाश्यांचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. त्यामुळे या दिवसांत जालना जिल्ह्यातील पशुपालकांनी ताप उतरून पुन्हा चढणाऱ्या किंवा जागच्या जागी गोल फिरणाऱ्या जनावराचे रक्त औषध देण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे.