युद्ध संपवायला किती ताकद लागते? हिरोशिमा आणि आपलं उमरगा

उमरग्याहून बोलतोय. दिवसा कोड आणि रात्री इतिहास, हे माझं वेळापत्रक तुम्हाला आता पाठ झालं असेल. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार.

'ओपेनहायमर' सिनेमा आल्यापासून एक वाद काही संपत नाही. अमेरिकेनं जपानवर अणुबॉम्ब टाकला ते बरोबर की चूक? एक गट म्हणतो, बॉम्बमुळे युद्ध संपलं आणि लाखो जीव वाचले. दुसरा म्हणतो, हा सरळ सरळ नरसंहार होता. मला वाटतं, या वादात मराठवाड्यातल्या माणसाकडे बोलायला जरा जास्त आहे. कारण 'लवकर संपवू, म्हणजे कमी लोक मरतील' हाच युक्तिवाद तीन वर्षांनी आपल्या रस्त्यावरून रणगाडे घेऊन गेला.

आधी जपान

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा, ९ ऑगस्टला नागासाकी. १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटानं रेडिओवरून शरणागती सांगितली. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यात बहुतेक साधे नागरिक.

कारणं काय दिली गेली? पहिलं, जपानच्या भूमीवर उतरायचं तर प्रचंड सैन्य मरेल. नोव्हेंबरमध्ये क्युशू बेटावर उतरायची योजना तयार होती आणि ओकिनावाच्या लढाईनं अमेरिकेला चांगलाच घाम फोडला होता. दुसरं, जपान शरण यायला तयार नव्हता. तिसरं कारण उघड बोललं जात नव्हतं, ते म्हणजे रशियाला आपली ताकद दिसावी.

आता गंमत बघा. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी '१० लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले किंवा जखमी झाले असते' हा आकडा लोकांसमोर मांडला तो १९४७ च्या एका लेखात. म्हणजे बॉम्ब टाकून झाल्यावर. आणि १९४६ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी पाहणीनं लिहिलं की बॉम्ब नसता, रशिया उतरला नसता, तरी १९४५ संपायच्या आत जपान शरण आला असता. दुसरी बाजूही ऐका. दोन बॉम्ब पडले, रशियानं युद्ध पुकारलं, तरी जपानची युद्ध परिषद तीन विरुद्ध तीन अशी अडकली होती. शेवटी सम्राटानं निर्णय दिला. म्हणजे 'ते शरण येणारच होते' हेही इतकं सोपं नाही.

आता आपल्याकडे या

१९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण उमरगा झालं नाही. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे करार' झाला. वर्षभर आहे तसं चालू द्यायचं आणि तोवर बोलणी करायची.

पण जमिनीवर काही 'जैसे थे' राहिलं नाही. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, कित्येक कुटुंबं हद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे पळाली. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड आपल्या भागात आजही लोकांच्या तोंडी आहे. आणि हे फक्त 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असं नव्हतं. भारतात विलीन व्हा, असं लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारलं गेलं.

दिल्लीपुढची कारणं अशी होती: देशाच्या पोटात एक वेगळं राज्य, विमानानं चोरून येणारी शस्त्रं, रझाकारांचा हिंसाचार, फसलेली बोलणी. शिवाय हैदराबादनं प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे नेलं होतं, त्यामुळे वेळही कमी होता. म्हणूनच या कारवाईला युद्ध म्हटलं नाही, 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटलं. आमच्या घरातला हा विषय, बाहेरच्यांनी पडू नये, असा त्या नावाचा अर्थ. सैन्यातलं नाव मात्र 'ऑपरेशन पोलो'.

१३ सप्टेंबर १९४८, पहाट. सोलापूरकडून फौज निघाली. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत ताब्यात आला, किल्ला पडला. पुढे जळकोट, आणि दुपारी तीनच्या सुमारास रणगाडे उमरग्यात. रझाकारांनी थोडा प्रतिकार केला, तो लवकरच मोडला. फौजेनं रात्री इथंच तळ टाकला आणि दुसऱ्या दिवशी राजेश्वरकडे कूच केलं. आज आपण ज्या हायवेवरून हैदराबादची बस पकडतो, तोच हा रस्ता. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. सगळं मिळून सुमारे १०८ तास.

इथपर्यंत आपल्याला माहीत असतं

१७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, स्टेटस लागतात, भाषणं होतात. व्हायलाच हवीत. हुतात्म्यांचं ऋण खरं आहे आणि रझाकारांचा जाचही खरा आहे. पण गोष्ट १७ तारखेला संपली नाही.

रझाकार पळाले, जुना अंमल कोसळला, नवा अजून बसायचा होता. या पोकळीत सूड सुरू झाला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, असे मुसलमान मारले गेले, घरं-दुकानं लुटली गेली. केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती संस्थानात फिरली. तिचा अंदाज होता, किमान २७ ते ४० हजार बळी. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नोंदवले: गुलबर्गा, बीदर, नांदेड आणि आपला उस्मानाबाद. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचा जीवही दिला. हे आपल्या शाळेत का सांगत नाहीत, मला खरंच कळत नाही.

मग दोन्हीची तुलना करायची का?

सरळ तुलना चुकीची ठरेल. हिरोशिमात शहरातली माणसं मारणं हीच पद्धत होती. पोलोमध्ये निशाणा फौज आणि रझाकार होते, कत्तल त्यानंतर झाली. हा फरक मोठा आहे. पण प्रश्न तेच विचारता येतात.

एक: दुसरा मार्ग होता का? जपानबाबत होता, नाकेबंदी होती, सम्राटाला अभय देता आलं असतं. हैदराबादबाबत वर्षभर बोलणी करून झाली होती आणि रोज माणसं मरत होती. म्हणून मला वाटतं, फौज पाठवण्याची कारणं भक्कम होती.

दोन: ताकद कुणावर वापरली, लढणाऱ्यांवर की घरात बसलेल्यांवर?

तीन: संपल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं काय? हा प्रश्न दोन्हीकडे नापास होतो. हिरोशिमात किरणोत्साराचे आजार वर्षानुवर्षं राहिले. आपल्याकडे १०८ तासांचा आराखडा होता, १०९ व्या तासाचा नव्हता.

कारण बरोबर असलं म्हणून परिणामांचा हिशोब माफ होत नाही. आणि परिणाम वाईट झाले म्हणून कारण खोटं ठरत नाही. दोन वह्या आहेत, दोन्ही उघड्या ठेवायच्या. एक वही लपवली की दुसरीवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि मग दर सप्टेंबरला ग्रुपवर तीच भांडणं.

एक काम सांगतो. तुमच्या घरात, गल्लीत ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर १९४८ चं काय आठवतं ते विचारा. हिंदू घरात विचारा, मुसलमान घरातही विचारा. परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. ती पिढी आता फार थोडी उरली आहे आणि तिचा बॅकअप कुठंच नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!