पुढच्या चाकांचे कोन

जुन्या घोडागाडीचा पुढचा आख मधोमध एकाच खिळीवर फिरे. वळताना तो तिरका झाला की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्परगर यांनी प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवले. या रचनेचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी घेतले, म्हणून ती आजही आकरमन यांच्याच नावाने ओळखली जाते. श्रेयाची ही वाटणी न्याय्य नाही.

सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाके वरच्या बाजूला बाहेर झुकलेली, म्हणजे धन कॅम्बरची असत. रस्ते मध्यभागी उंच आणि कडांना उतरते होते, शिवाय अशा झुकावाने स्टिअरिंग हलके पडे. पण झुकलेले चाक बाहेर पळू पाहते. ते आवरण्यासाठी चाकांची पुढची टोके किंचित आत घेत, हाच टो-इन. चाक ज्या खिळीवर वळते ती, म्हणजे किंगपिन, वरून मागे कलती ठेवली की कॅस्टर मिळे आणि वळणानंतर चाके आपोआप सरळ होत.

१९२० च्या दशकात फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तशी चाके वेगात थरथरू लागली. अखंड आखामुळे एका चाकाला बसलेला धक्का दोन्ही चाकांना तिरपे करी. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी या दोषाचा पाठपुरावा केला आणि १९३४ च्या मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. थरथर शमली, पण नवा प्रश्न उभा राहिला. अखंड आखावरची चाके गाडी झुकली तरी जवळजवळ उभी राहत. स्वतंत्र चाके मात्र गाडीबरोबर बाहेर कलू लागली. १९५० च्या सुमारास फोर्डने आणलेल्या मॅकफर्सन स्ट्रट प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये हा कल अधिकच जाणवतो.

या कलावरच्या उपायात रस्ता आणि शर्यतीचा ट्रॅक यांची वाट वेगळी झाली. १९६० च्या दशकात शर्यतीचे टायर झपाट्याने रुंद झाले. रुंद, सपाट टायर वळणात पूर्ण टेकायचा, तर स्थिर गाडीत चाक वरून आत झुकलेले हवे. ट्रॅकसाठी म्हणून दोन-तीन अंश ऋण कॅम्बर सर्रास देतात. रस्त्यावर एक अंशाच्या आत राहणे शहाणपणाचे, कारण सरळ धावताना आतली कड झिजते. ट्रॅकवर किंचित टो-आऊटने, म्हणजे चाकांची पुढची टोके बाहेर ठेवल्याने, गाडी वळणात चटकन शिरते, पण महामार्गावर तीच गाडी सैरभैर होते आणि टायर लवकर संपतात. दोन्हीकडे वापरायच्या गाडीत टो शून्याजवळ ठेवणे बरे.

कॅम्बर बदलता यावा म्हणून पोर्शने जीटी३ मोटारींच्या सस्पेन्शनचे खालचे आर्म दुभागून मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालण्याची सोय केली, तर इतर अनेक स्ट्रटच्या गाड्यांना वर सरकत्या कॅम्बर प्लेट लागतात. जुळणीचा क्रम मात्र ठरलेला: आधी हवेचा दाब आणि गाडीची उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलला की टो बदलतोच. लेझरच्या काळातही ट्रॅकवर गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर दोऱ्या ताणून टो मोजतात, आणि नीट ताणलेली दोरी अचूक माप देते.