जोडलेल्या चौकटी

सालवडच्या एका शेताची पीकनोंद आपण संगणकावर मांडली असे समजू. खरिपाचा भात, रब्बीचा वाल. दोन्ही ओळींपुढे चौकटी जोडून वर्ष एकदाच लिहिले. डोळ्याला अर्थ कळतो. ओळ-ओळ वाचणाऱ्या आज्ञावलीला मात्र वालाचे वर्ष सापडत नाही.

यावर दोन उपाय निघाले. मे १९९६ मध्ये वेबवरील तक्त्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या नियमांत, चौकट किती ओळी व्यापते हा आकडा तिच्यासोबतच नोंदवला जाई. ‘वर्ड’च्या फायलींसाठी डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झालेल्या प्रमाणकात खालची चौकट तशीच राहते, तिच्यावर फक्त ‘वरची पुढे चालू’ अशी खूण असते. म्हणजे वहीतले आपले जुने ‘वरीलप्रमाणे’च! ती खूण न वाचणारी आज्ञावली वालाला वर्षाविना सोडते. म्हणून आम्ही म्हणतो, छपाईसाठी चौकटी खुशाल जोडाव्यात. मूळ नोंदीत मात्र वर्ष प्रत्येक ओळीत लिहावे.