लेझीम, पट्टा आणि प्रहाराचा वेग

लेझीम म्हटली की आज शाळेच्या पटांगणातील रांगा आणि हलगीचा ताल आठवतो. मुळात हे तिरंदाजाच्या सरावाचे साधन. फारसीतून आलेली ही लेझीम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी असलेले जड धनुष्य. ते ओढून ओढून खांदा आणि पाठ कमवायची, की खरे धनुष्य हाती आल्यावर हलके वाटावे. लेझमीचे हे रूपांतर आम्हांस आपल्या सगळ्याच शस्त्रविद्येच्या इतिहासाची किल्ली वाटते.

प्रहाराला वेग आणि बळ कोठून येते, याचा चिनी युद्धविद्येच्या आचार्यांनी बारकाईने विचार केला. बळ पायांतून उठते, कमरेतून वळते आणि सैल सोडलेल्या हातातून बाहेर पडते, असे त्यांचे सांगणे. आपल्या आखाड्यांनी याची मीमांसा फारशी लिहिली नाही. ती साधनांतच घडवली. दांडपट्टा पाहावा. त्याची मूठ पोलादी आवरणात असते, हात कोपरापर्यंत झाकलेला आणि मनगट जखडलेले. तलवारीसारखा मनगटाच्या झटक्याने वार करण्याची सोयच नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पवित्र्यातूनच काढावा लागतो, आणि पाते लांब व लवचीक असल्यामुळे पाऊल चुकले तर इजा स्वतःलाच व्हायची. उस्तादाने तोंडाने काय सांगावे! मुद्गलाचेही तेच. जड मुद्गल नुसत्या दंडाच्या जोरावर ढकलणारा चार फेऱ्यांत थकतो; त्याच्या झोक्याबरोबर अंग वळवणारा टिकतो. इंग्रजांनी हा मुद्गल उचलला, हलका केला, कवायतीत घातला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली.

नागपुरात १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि या विद्येचा राजाश्रय गेला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. आखाड्यांची भिस्त लाठीवर आणि फरी-गदग्यावर आली. पुढे १९१४ मध्ये अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच आजचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याआधी चार वर्षे, १९१० मध्ये, शांघायला जिंग वू ही संस्था निघाली होती. दोन्हींकडे उस्तादाच्या घरची विद्या वर्गात आली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीकरांनी आणि चिनी पथकानेही आपापल्या विद्येची प्रात्यक्षिके दाखवली. एकाच नगरीत, एकाच उन्हाळ्यात, दोन पराधीन वा पिचलेल्या देशांनी जगाला आपले बळ दाखवावे, यामागची तळमळ आम्ही हलकी लेखत नाही. रांगा आणि आकडे नसते तर यातले पुष्कळसे लोपलेच असते.

पण प्रात्यक्षिकात समोर प्रतिस्पर्धी नसतो. फरी-गदग्यात तो होता. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. मार लागावा पण हाड मोडू नये, म्हणून ही योजना. समोरच्याची फरी कधी उघडते यावर वाराची वेळ ठरे, आणि वेग त्या वेळेतून येई. आज मिरवणुकांत गरगर फिरणारी लाठी डोळ्यांना फार वेगवान दिसते. ती कोठेही थांबत नाही. मारलेली लाठी मात्र अडते, लगेच परत घ्यावी लागते, आणि तोवर समोरच्याची आलेली असते.