एकांतध्यान आणि मनाचें आरोग्य



धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीचा, घंटेचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा हें युक्तच आहे. परंतु दगडाचुन्याच्या मंदिराहून अधिक वेळां पडझड होणारें असें एक मंदिर प्रत्येकाच्या ठायीं आहे. त्याच्या डागडुजीचा थोडा इतिहास सांगावा म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे. एकांतध्यान, ज्यास आपण नित्याच्या बोलण्यांत ‘रिट्रीट’ म्हणतों, तें मुळांतच सज्जन असलेल्या भाविकांनीं वर्षांतून एकदां करावयाचें पुण्यकर्म होय, असा समज आपल्यांत फार आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. या साधनेचा उगम एका मोडक्या पायाच्या व मोडक्या मनाच्या मनुष्यापासून झाला.

इनिगो लोयोला याचा जन्म १४९१ सालीं स्पेन देशाच्या बास्क प्रांतांत एका सरदार घराण्यांत झाला. तलवार व मानपान यांपलीकडे त्याची दृष्टि गेली नव्हती. २० मे १५२१ रोजीं पांप्लोना येथील किल्ला लढवीत असतां तोफेच्या गोळ्यानें त्याचा एक पाय मोडला व दुसऱ्यासही जखम झाली. हाड वेडेंवांकडें जुळलें, तें पुन्हां मोडून बसविण्यांत आलें. तरीही एक टोंक पुढें आलेलें दिसे. घट्ट बूट घालतां यावेत, एवढ्यासाठीं त्यानें तें कापवून घेतलें! अंथरुणावर त्यास शौर्यकथा हव्या होत्या. वाड्यांत मिळालीं तीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें. तेव्हां त्यास एक गोष्ट आढळून आली. पराक्रमाच्या व प्रीतीच्या मनोराज्यांत तो रमे खरा, परंतु तें सरल्यावर मन कोरडें व खिन्न राही. संतांच्या मार्गानें जाण्याचा विचार मात्र ओसरल्यावरही मागें समाधान ठेवी. आपल्याच मनाची अशी नाडीपरीक्षा करणें, हें पुढील सर्व साधनेचें बीज होय.

१५२२ च्या मार्च महिन्यांत तो माँसेरात येथील मठांत गेला. तेथें त्यानें तीन दिवस घेऊन साऱ्या आयुष्याचें पापनिवेदन केलें आणि आपली तलवार पवित्र मातेच्या वेदीपाशीं ठेविली. तेथून मान्रेसा गांवीं थोडे दिवस राहावें म्हणून गेला, तो सुमारें अकरा महिने राहिला. येथें सर्व सुरळीत झालें असें कोणी समजूं नये. क्षमा मिळाली, पण मन ती मानीना. पुन्हां पुन्हां पापनिवेदन करी, तरी कांहीं सांगावयाचें राहिलें असा संशय आंतून कुरतडी. खोलींतील एका मोठ्या विवरांत उडी टाकून जीव द्यावा, असें त्यास वारंवार वाटे. त्यानें अन्न वर्ज्य केलें. आठवडाभर पोटांत कण नव्हता. अखेरीस त्याचें पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूनें उपास सोडण्याची आज्ञा केली, व ती त्यानें पाळली. संशय पुढें कांहीं काळानें निमाले. पण एवढें लक्षांत ठेवावें कीं, जो पुढें संत इग्नेशियस झाला, त्याचाही जीव एकट्याच्या बळावर वांचला नाहीं. त्यास दुसऱ्या मनुष्यापाशीं मन उघडें करावें लागलें.

या अनुभवाच्या टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ तयार झाला व ३१ जुलै १५४८ रोजीं परमगुरुस्वामी तिसरे पॉल यांनीं त्यास मान्यता दिली. हा वाचावयाचा ग्रंथ नव्हे, करावयाचा आहे. त्याचे चार ‘सप्ताह’ मिळून सुमारें तीस दिवस होतात. पहिल्यांत आपलें पाप व देवाची दया, दुसऱ्यांत प्रभूचें जीवन, तिसऱ्यांत त्याचें दुःखसहन, चौथ्यांत त्याचें पुनरुत्थान. मार्गदर्शकानें मध्यें फार पडूं नये, देवाला व त्या जिवाला परस्परांशीं बोलूं द्यावें, अशी त्यांत सूचना आहे. पॅरिस येथें १५३४ सालीं ही साधना केलेले एक तरुण अध्यापक १५४२ सालीं गोव्यास उतरले. ते संत फ्रान्सिस झेवियर. मान्रेसाचा झरा असा आपल्या किनाऱ्यास लागला. पुढें १९२२ सालीं परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं संत इग्नेशियस यांस एकांतध्यानाचे आश्रयदाते संत ठरविलें.

आतां वाचकांनीं माझ्याबरोबर अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं यावें. कारण याच झऱ्याचें पाणी तेथें निराळ्या वाटेनें वर आलें. १९३५ सालीं बिल विल्सन नांवाचे एक दलाल व डॉक्टर बॉब स्मिथ नांवाचे एक शस्त्रवैद्य तेथें भेटले. दोघांचाही दारूनें सत्यानाश होत आला होता. एकमेकांस आपली कथा सांगतां सांगतां दोघेही दारूपासून दूर राहूं शकले, व त्यांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्या १९३९ सालीं छापून निघाल्या. आपण दारूपुढें हतबल आहों हें कबूल करणें, स्वतःस देवाच्या हातीं सोपविणें, आपल्या आयुष्याचा झाडा घेणें, तो दुसऱ्या एका मनुष्यास सांगणें, ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करणें, हें त्यांचें सार. सेंट लुईस येथील येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांस ह्या पायऱ्या संत इग्नेशियसच्या साधनेशीं जुळतात असें दिसून आलें. १९४० च्या हिवाळ्यांत एका वादळी रात्रीं, संधिवातानें आखडलेले असतां, काठी टेकीत ते न्यूयॉर्क येथें बिल यांच्याकडे गेले. बिल हे कॅथोलिक नव्हते. तो ग्रंथही त्यांस ठाऊक नव्हता. तरी या दोघांचा स्नेह फादरांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, टिकला.

ॲक्रन येथेंच संत थॉमस रुग्णालयांत इग्नेशिया नांवाच्या एक धर्मभगिनी होत्या. आयर्लंडांत १८८९ सालीं जन्मलेल्या या भगिनी पूर्वीं संगीत शिकवीत. अतिश्रमानें प्रकृति व मन दोन्हीं खचल्यामुळें त्यांस रुग्णालयाच्या प्रवेश-कचेरींत नेमण्यांत आलें होतें. दारूड्या रोग्यास खाट द्यावयास रुग्णालयें त्या काळीं नाखूष असत. १९३९ च्या ऑगस्टांत डॉक्टर स्मिथ यांच्या विनंतीवरून त्यांनीं अशा एका रोग्यास दाखल करून घेतलें, आणि त्यास निवांतपणा मिळावा म्हणून फुलें ठेवण्याच्या खोलींत त्याची खाट हलविली. पुढें त्यांच्या हाताखालून हजारों रोगी गेले. निरोप घेणाऱ्यास त्या येशूच्या पवित्र हृदयाचें एक लहान चिन्ह देत, व पुन्हां पहिला प्याला घेण्यापूर्वीं तें परत आणून देण्याचें वचन घेत. स्वतः खचलेल्या असल्यामुळेंच खचलेल्यांशीं कसें वागावें हें त्यांस उमगलें असावें.

ही चळवळ १९५७ सालीं भारतांत आली. १९८१ सालीं वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्यें फादर जो परेरा यांनीं ‘कृपा फाउंडेशन’ स्थापिलें. ते स्वतः या व्याधींतून उठलेले व पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनीं बारा पायऱ्यांस योगासनांची जोड दिली. हें कार्य वसईसही पोहोंचलें.

येथें मला स्वतःविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पौरोहित्याच्या पहिल्या वर्षांत मी वेदीवरून दारूबाजांस सडकून बोलत असें, आणि आपण कर्तव्य केलें असें मानीत असें. एका सोमवारीं एक बाई माझ्याकडे आली व हळूच म्हणाली, “फादर, रविवारीं आपण बोलतां तें खरें आहे. पण तें ऐकून आले कीं हे घरीं अधिकच पितात.” मला उत्तर सुचलें नाहीं. सेमिनरींत मीं इग्नेशियसचें चरित्र वाचलें होतें. त्याच्या जिवाला ज्यानें सांवरलें त्या अनामिक धर्मगुरूकडे मात्र माझें लक्ष गेलें नव्हतें. त्या बाईचा नवरा पुढें एकांतध्यानास गेला, परतला, पुन्हां पडला, पुन्हां गेला. दुसऱ्या खेपेस मीं त्यास उपदेश केला नाहीं; सोबत गेलों व बाहेर बसून राहिलों.

एकांतध्यान ही जादू नव्हे. पांच-सात दिवसांच्या प्रार्थनेनें मन उचंबळतें, पण घरीं तीच संगत व तेंच कर्ज वाट पाहात असतें. जुनें व्यसन एकाएकीं सोडल्यास झटके व भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. म्हणून अशांस आधीं वैद्याकडे न्यावें. यांत श्रद्धेस कांहीं उणेपणा नाहीं. तसेंच पत्नी व मुलें यांचींही मनें घायाळ असतात. त्यांच्यासाठीं ‘अल-ॲनॉन’ ही निराळी मंडळी १९५१ सालीं निघाली, तिच्या आरंभांत बिल यांच्या पत्नी लोइस यांचा हात होता. आणि परतलेल्या मनुष्याकडे शेजाऱ्यांनीं “बघूं किती दिवस टिकतो” अशा नजरेनें पाहूं नये. ती नजर बाटलीइतकीच घातक आहे.

महोत्सव या शब्दाचा मूळ अर्थ लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें, व ज्यानें त्यानें आपल्या कुळाकडे परत जावें, असें देवाचें फर्मान होतें. आपण मिरवणूक काढूं, मंदिरास रंग देऊं. परंतु आपल्या धर्मग्रामांत असे दास आजही आहेत, आणि कित्येकांची दारें लाजेनें लावलेलीं आहेत. ज्यांच्या घरीं हें दुःख असेल त्यांनीं संकोच न धरितां यावें. माझें दार रात्रींही उघडें आहे, आणि ऐकलेली गोष्ट माझ्यापाशींच राहील.

प्रभु येशूच्या पवित्र हृदयाचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

आपला सेवक,
धर्मगुरू